दुसऱ्याच्या मनातलं ‘हवं’

जपानी भाषा शिकायला बसलेल्या माणसाला मागणं आधी येतं आणि हवं असणं नंतर. ‘मिन्ना नो निहोंगो’ नावाचं एक पाठ्यपुस्तक आहे. १९९८ साली ते निघालं आणि आज जगभर, आपल्याकडच्या वर्गांतूनही, ते वापरलं जातं. नावाचा अर्थ ‘सगळ्यांची जपानी’. त्याच्या तिसऱ्याच धड्यात विद्यार्थी दुकानात जाऊन ‘कोरे ओ कुदासाई’, म्हणजे ‘हे द्या’, असं म्हणायला शिकतो. पण ‘मला हे हवं आहे’ असं म्हणण्यासाठी त्याला तेराव्या धड्यापर्यंत थांबावं लागतं. मधल्या नऊ धड्यांत तो वेळ विचारतो, आगगाडीत बसतो, भेटवस्तू देतो आणि घेतो, हवापाण्याच्या गप्पा मारतो. इच्छा मात्र अजून त्याच्या तोंडी आलेली नसते.

मी कविता लिहिणारा माणूस. शिक्षण बी. ए.पर्यंतचं, व्याकरणाचा पंडित नव्हे. पन्नाशीनंतर हौसेनं जपानीच्या प्राथमिक वर्गाला बसलो, त्यामुळे आज जे सांगणार आहे ते विद्यार्थ्याच्या बाकावरून. परंतु या तेराव्या धड्यानं मला जेवढं विचारात पाडलं तेवढं पुढच्या धड्यांनी पाडलं नाही. ‘हवं’ हा शब्द आपण दिवसातून शंभर वेळा उच्चारतो. तो उच्चारताना आपण नेमकं काय करतो, हे कळायला परक्या भाषेच्या उंबरठ्यावर उभं राहावं लागतं.

प्रथम सोपा भाग. जपानीत एखादी वस्तू हवी असेल तर ‘होशिई’ हा शब्द वापरतात. ‘वाताशि वा मिझु गा होशिई देस.’ वाताशि म्हणजे मी, मिझु म्हणजे पाणी. आता इंग्रजी माध्यमातून जपानी शिकणारा विद्यार्थी इथे अडतो. इंग्रजीत ‘हवं असणं’ हे क्रियापद आहे. ‘मी’ हा कर्ता, पाणी हे कर्म. मी उठून पाण्यावर काहीतरी करतो आहे असा त्या वाक्याचा थाट. जपानीत होशिई हे क्रियापदच नाही, ते विशेषण आहे. आणि ‘गा’ हा प्रत्यय पाण्याला लागलेला आहे, जो एरवी कर्त्याला लागतो. म्हणजे माझ्या बाबतीत पाणी हे ‘हवंसं’ आहे, अशी ती रचना.

मराठी माणसाला हे समजावून सांगावंच लागत नाही. आपण ‘मी पाणी हवतो’ असं कुठे म्हणतो? आपण म्हणतो, मला पाणी हवं. ‘मला’ आलं की ‘मी’ बाजूला झाला. चहा हवा, साखर हवी, दूध हवं, पेढे हवेत, पोळ्या हव्यात. शब्दाचं रूप हव्या असलेल्या वस्तूप्रमाणे बदलतं. मागणारा पुरुष आहे की बाई, एक आहे की दहा, याची त्या शब्दाला पर्वा नाही. आपलं ‘पाहिजे’ तर आणखी गमतीचं. ते ‘पाहणे’चं जुनं कर्मणी रूप आहे. ‘पाणी पाहिजे’ म्हणजे मुळात ‘पाणी पाहिलं जातं आहे’, पाण्याची वाट पाहिली जाते आहे. उर्दू-हिंदीतलं ‘चाहिए’ही त्याच घडणीचं. आमच्या घरात दख्खनी आणि मराठी दोन्ही चालतात. ‘मुझे पानी चाहिए’ म्हणा की ‘मला पाणी पाहिजे’ म्हणा, इच्छा आपल्याकडे येते, आपण तिच्याकडे जात नाही. जपानीतलं हे पहिलं दार आपल्याला असं उघडंच मिळतं.

दुसरं दार क्रियेचं. वस्तू नको, काहीतरी करायचं आहे. खायचं आहे, जायचं आहे, पाहायचं आहे. त्यासाठी जपानीत क्रियापदाच्या अंगाला ‘ताई’ जोडतात. ताबेमास म्हणजे खातो; ताबेताई, खायचं आहे. नोमिमास म्हणजे पितो. नोमिताई, प्यायचं आहे. इकिताई, जायचं आहे. मराठी वर्गात या धड्याच्या दिवशी हमखास हशा पिकतो, कारण ऐकणाऱ्याला वाटतं, एकामागून एक कुणाच्या तरी थोरल्या बहिणी वर्गात येताहेत. या ताया लक्षात राहतात मात्र पक्क्या.

पण त्यातली खरी खुबी पुढे आहे. ‘ताबेमास’ हे क्रियापद होतं. त्याला ‘ताई’ लागली की ते विशेषणासारखं चालू लागतं. नकार करायचा तर ‘ताबेताकुनाई’, भूतकाळ हवा तर ‘ताबेताकात्ता’. ‘थंड’, ‘उंच’, ‘महाग’ या अर्थाचे जपानी शब्द ज्या पद्धतीनं रूपं बदलतात, त्याच पद्धतीनं. म्हणजे खाणं ही कृती आहे, पण खावंसं वाटणं ही अवस्था आहे, असं ती भाषा मानते. थंडी वाजते तशी इच्छा होते. आपल्याकडेही ‘खातो’ आणि ‘खावंसं वाटतं’ यांत हाच फरक आहे. ‘वाटतं’ म्हटलं की करणारा गेला आणि अनुभवणारा आला.

एवढ्यावर धडा संपला असता तर मी म्हटलं असतं, चला, जपानी आणि मराठी सख्ख्या नसल्या तरी शेजारणी आहेत. पण मग तिसरं दार येतं, आणि ते बंद असतं.

समजा तुमच्या शेजारी एक गृहस्थ बसले आहेत, तानाका नावाचे. त्यांना पाणी हवं आहे. नवा विद्यार्थी सरळ ‘मी’च्या जागी तानाका घालतो : ‘तानाकासान वा मिझु गा होशिई देस.’ प्रत्यय बरोबर, क्रम बरोबर, शब्द बरोबर. तरी जपानी कानाला हे वाक्य खटकतं. का? कारण होशिई हा आतला शब्द आहे. तानाकांच्या आत काय चाललं आहे ते तुम्हाला कुणी सांगितलं? तुम्ही त्यांच्या मनात जाऊन आलात काय?

हा नियम इच्छेपुरता नाही. समुई म्हणजे थंडी वाजणं, इताई म्हणजे दुखणं, उरेशिई म्हणजे आनंद वाटणं. हे सगळे आतल्या अनुभवाचे शब्द. स्वतःबद्दल सांगताना ते थेट वापरायचे, दुसऱ्याबद्दल सांगताना नाही. एस. वाय. कुरोदा या भाषाशास्त्रज्ञांनी १९७३ साली याच विषयावर एक लेख लिहिला, तो अभ्यासकांत प्रसिद्ध आहे. त्यांचं म्हणणं थोडक्यात असं, की या ठिकाणी व्याकरण, शैली आणि ‘आपल्याला एखादी गोष्ट कशी कळते’ हा प्रश्न, हे तिन्ही एकत्र येतात. साध्या भाषेत सांगायचं तर, वाक्य बोलण्यापूर्वी जपानी व्याकरण तुम्हाला विचारतं, हे तुम्हाला कळलं कसं?

मग तानाकांबद्दल बोलायचं कसं? त्याचे तीन मार्ग आहेत.

पहिला मार्ग दिसण्याचा. होशिईला ‘गारु’ हा प्रत्यय जोडून ‘होशिगारु’ असं क्रियापद करतात. ‘ताई’चं होतं ‘तागारु’. लहान भाऊ खेळण्याच्या दुकानापुढून हलत नाही, बोट दाखवतो, पाय आपटतो. त्याच्याविषयी म्हणायचं, ‘ओतोतो वा ओमोचा ओ होशिगात्ते इमास.’ म्हणजे भाऊ खेळणं हवं असल्यासारखं वागतो आहे, हवं असल्याची चिन्हं दाखवतो आहे. पाहा, इथे पुन्हा क्रियापद आलं, आणि वस्तूचा ‘गा’ जाऊन कर्माचा ‘ओ’ आला. इच्छा आत असते तेव्हा ती विशेषण. बाहेर दिसू लागली की ती क्रिया. मनाचा आणि अंगणाचा हिशेब वेगळा ठेवावा, तसं हे.

दुसरा मार्ग ऐकण्याचा. ‘तानाकासान वा इकिताई तो इत्ते इमास’, तानाका म्हणतात की जायचं आहे. ‘इकिताई सो देस’, त्यांना जायचं आहे असं ऐकलं. तिसरा मार्ग अंदाजाचा. ‘इकिताई यो देस’, जायचं असावंसं दिसतं. तिन्ही मार्गांत बोलणारा स्वतःची जागा सोडत नाही. मी पाहिलं, मी ऐकलं, मला वाटलं; पुढचं त्यांचं त्यांना ठाऊक.

याला अपवाद आहेत. प्रश्न विचारताना समोरच्याच्या इच्छेचा शब्द थेट वापरता येतो, कारण विचारणं म्हणजे ठामपणे सांगणं नव्हे. ‘जायचं असलेली माणसं’ अशा जोडवाक्यातही तो चालतो. आणि सर्वांत मोठा अपवाद कथा-कादंबरीचा. कथेत लेखक पात्राबद्दल बेधडक लिहू शकतो की त्याला घरी जावंसं वाटत होतं. ते वाक्य वाचलं की वाचक ओळखतो, आता आपण पात्राच्या मनात शिरलो. जी मुभा रोजच्या बोलण्यात कुणालाच नाही, ती गोष्ट सांगणाऱ्याला आहे. लिहिणाऱ्या माणसानं ही मुभा किती जपून वापरायला हवी, हे मला या नियमानं शिकवलं.

आता विचारण्याकडे वळू. मित्राला ‘काय हवं?’ असं विचारलं तर हरकत नाही. पण पाहुण्याला, वरिष्ठाला, वडीलधाऱ्याला ‘कोही गा नोमिताई देस का’, ‘तुम्हाला कॉफी प्यायची आहे का’, असं विचारणं उद्धटपणाचं समजतात. व्याकरण ठीक, पण प्रश्न थेट आत हात घालतो. त्याऐवजी म्हणायचं, ‘कोही वा इकागा देस का’, कॉफी कशी वाटेल? किंवा नकारातून आमंत्रण द्यायचं, ‘नोमिमासेन का’, पिणार नाही का? आपल्याकडेही दारात आलेल्याला ‘चहा हवा का?’ असं विचारणाऱ्या घराची ख्याती होते. नीट घरात ‘चहा घेणार ना?’ असं विचारतात, किंवा विचारतच नाहीत, आधण ठेवतात. ‘हवा का’ म्हटलं की पाहुण्याला ‘हवा’ असं कबूल करावं लागतं, आणि भल्या माणसाला ते जड जातं.

ताकेओ दोई नावाचे जपानी मानसोपचारतज्ज्ञ होते. ‘आमाए नो कोझो’ या त्यांच्या १९७१ सालच्या पुस्तकात त्यांनी स्वतःचा एक अनुभव सांगितला आहे. १९५० साली ते अमेरिकेला गेले. तिथे एका घरी भेटीला गेले असता यजमानानं विचारलं, भूक लागली आहे का, आइस्क्रीम आहे, घेणार असाल तर. दोईंना भूक चांगलीच लागली होती. पण पहिल्याच भेटीत, असं थेट विचारल्यावर, ‘हो, लागली आहे’ म्हणणं त्यांना जमेना. ते नको म्हणाले. मनात आशा ही, की यजमान पुन्हा विचारील. यजमानानं ‘बरं’ म्हटलं आणि विषय संपला. जपानी माणूस अनोळखी पाहुण्याला असा प्रश्न न विचारता काहीतरी पुढ्यात ठेवतो, असं दोई लिहितात. भुकेल्या पोटी त्यांना दोन संस्कृतींतला फरक कळला, आणि पुढे त्यातून एक गाजलेलं पुस्तक झालं.

हा प्रसंग वाचताना मराठी वाचकाला हसू येतं ते ओळखीचं. पंगतीत पहिला ‘नको’ हा नको नसतो हे वाढणाऱ्याला माहीत असतं. दुसरा ‘नको’ थोडा खरा, तिसरा ‘नको’ पानावर आडवा हात धरून आला तर खरा. जपानीत या संकोचाला ‘एन्र्यो’ म्हणतात. उर्दूत त्याला ‘तकल्लुफ’ हा शब्द आहे, आणि ‘तकल्लुफ करू नका’ हे वाक्य जसं आमच्याकडे, तसंच ‘एन्र्यो करू नका’ हे जपानी घरांत पाहुण्याला सांगतात. पण ‘नको’सारखा एका दमात इच्छा नाकारणारा शब्द जपानीत मला सापडला नाही. ‘इरानाई’ आहे, पण तो रुक्ष, ‘गरज नाही’ अशा थाटाचा. सभ्य माणूस ‘केक्को देस’ म्हणतो, म्हणजे ‘आहे ते उत्तम आहे’. ‘नको’ ही आपली कमाई आहे. दख्खनीनंसुद्धा तो मराठीकडून घेऊन ‘नक्को’ करून टाकला.

इच्छेचं आणखी एक रूप आहे, आणि ते सर्वांत नाजूक. मला स्वतःला काही करायचं नाही, दुसऱ्यानं काही करावं असं वाटतं. मुलानं लवकर घरी यावं. मराठीत त्यासाठी ‘यावं’ हे विध्यर्थी रूप आहे. जपानीत क्रियापदाच्या ‘ते’ रूपाला होशिई जोडतात : ‘मुसुको नि हायाकु काएत्ते किते होशिई.’ घरच्यांत, मित्रांत हे चालतं. मोठ्यांसमोर मात्र हे फार उघडं पडतं. तिथे इच्छा उपकाराच्या वस्त्रात गुंडाळतात. ‘किते इतादाकेमासेन का’, याचा शब्दशः अर्थ ‘आपल्या येण्याचा लाभ मला मिळू शकणार नाही का?’ ऐकायला लांबलचक वाटतं, पण आपणही निमंत्रण देताना ‘आपलं येणं होईल का?’ असं म्हणतोच की. तिथेही ‘तुम्ही’ नाही आणि ‘मला हवं’ही नाही, नुसतं येणं आहे आणि ते होणं आहे.

आणि वाक्य अर्ध्यावर सोडण्याची कला! ‘चोत्तो ओकिकि शिताई न देस गा...’ म्हणजे ‘जरा विचारायचं आहे, पण...’ या ‘पण’च्या पुढे काही नसतं. पुढचं ऐकणाऱ्यानं भरायचं. आपल्याकडे सरकारी कचेरीत गरजू माणूस खिडकीपाशी उभा राहून म्हणतो, ‘साहेब, थोडं काम होतं...’ काम आत्ता आहे, तरी तो ‘होतं’ म्हणतो. जपानी माणूस ‘पण’ म्हणून इच्छेला एक पाऊल मागे घेतो, आपण भूतकाळात नेऊन. दोन्हीकडे हेतू एकच, ऐकणाऱ्याला नाही म्हणायला वाट ठेवणं.

माणसाजवळ इतक्या संकोचानं बोलणारी ही माणसं देवाजवळ आणि आभाळाजवळ मात्र मोकळी होतात. सात जुलैला जपानात तानाबाता नावाचा सण असतो. आकाशगंगेच्या दोन तीरांवरचे दोन तारे, विणकरीण आणि गुराखी, वर्षातून एका रात्री भेटतात अशी कथा. त्या दिवशी रंगीत कागदाच्या पट्ट्यांवर इच्छा लिहून त्या बांबूच्या फांद्यांना बांधतात. मुलं लिहितात, अमुक व्हायचं आहे, ‘नारिताई’. किंवा ‘होऊ दे’ अशा अर्थानं वाक्याच्या शेवटी ‘यो नि’ जोडतात. शिंतो मंदिरांत ‘एमा’ नावाच्या लाकडी पाट्यांवर इच्छा लिहून टांगण्याची रीत आहे. एमा म्हणजे घोड्याचं चित्र, कारण पूर्वी देवाला घोडा वाहत. परीक्षेच्या दिवसांत विद्येच्या देवाच्या मंदिरांत या पाट्यांची दाटी होते. दर्ग्याच्या जाळीला बांधलेला धागा किंवा देवळात बोललेला नवस पाहिलेल्या माणसाला यात परकं काही वाटणार नाही. फरक एवढाच, की धागा मुका असतो आणि पाटी कुणीही वाचू शकतो. जाता जाता एक गंमत : तारा या अर्थाचा जपानी शब्द ‘होशि’. हवं, होशिई, शेवटचा स्वर तेवढा लांब. दोन शब्दांचं मूळ एक नाही, पण तानाबाताच्या रात्री त्यांची भेट होते.

‘नारिताई’वरून केंजी मियाझावा या कवीची आठवण होते. उत्तर जपानातल्या हानामाकीचा हा कवी १९३३ साली सदतिसाव्या वर्षी गेला. त्यानं १९३१ साली, आजारपणात, एका वहीत एक कविता लिहून ठेवली होती. ती त्याच्या मृत्यूनंतर सापडली आणि आज जपानातल्या शाळकरी मुलांनाही ती माहीत असते. ‘आमे नि मो माकेझु’ या नावानं ती ओळखली जाते. कवितेत एका साध्या, सोशिक, दुसऱ्यांच्या दुःखाकडे धावणाऱ्या माणसाचं वर्णन येत राहतं. हा कोण, ते कळत नाही. जपानी वाक्यात क्रियापद शेवटी येतं, तसं संपूर्ण कवितेच्या अगदी शेवटी ‘नारिताई’ येतं, आणि मग उलगडतं की हे वर्णन नव्हतं, ही इच्छा होती. मराठीतही क्रियापद शेवटी ठेवता येतं, म्हणून ही मौज आपल्याला कळते.

पण या सगळ्यावरून जपानी समाज दुसऱ्याच्या मनाचा फार मान राखतो, असा निष्कर्ष काढू नये. व्याकरणानं माणूस सज्जन होत नाही. १९४२ साली, युद्ध चालू असताना, राष्ट्रीय घोषवाक्यांच्या स्पर्धेतून एक वाक्य निवडलं गेलं आणि देशभर भिंतींवर झळकलं : ‘होशिगारिमासेन, कात्सु मादे वा.’ जिंकेपर्यंत आम्ही हवं-हवं करणार नाही. ते एका शाळकरी मुलीच्या नावावर निवडलं गेलं होतं. पुढे कळलं की लिहिणारे तिचे वडील होते. त्यातला शब्द पाहा. ‘होशिई’चा नकार नाही, ‘होशिगारु’चा आहे. भूक लागू नये असा हुकूम कुणालाच काढता येत नाही. पण भूक दिसू देऊ नका, असा काढता येतो. दुसऱ्याची इच्छा चिन्हांवरून ओळखायची, असं सांगणारी भाषा ती चिन्हंच पुसून टाकायला लावू शकते, आणि मग उपाशी मूल उपाशी आहे हे कुणाला कळणार?

म्हणून मला हा तेरावा धडा निव्वळ परीक्षेचा वाटत नाही. आज जपानात शंभरातली सुमारे एकोणतीस माणसं पासष्ट वर्षांवरची आहेत. त्यांची सेवा करायला माणसं कमी पडतात. एप्रिल २०१९ पासून जपाननं परदेशी कामगारांसाठी नवा व्हिसा सुरू केला, जानेवारी २०२१ मध्ये भारत आणि जपान यांच्यात त्याबाबत करार झाला, आणि वृद्धांची शुश्रूषा हे त्यातलं एक क्षेत्र आहे. आपल्याकडची मुलंमुली त्यासाठी जपानी शिकत आहेत. उद्या त्यांच्यापैकी एखादी मुलगी जपानातल्या एका वृद्धाश्रमात पलंगाजवळ उभी असेल. आजीबाई ‘मिझु गा होशिई’ असं म्हणणार नाहीत. विचारलं तर ‘असू दे, ठीक आहे’ म्हणतील. घशाला कोरड पडली आहे हे त्या मुलीनं ओठांवरून, नजरेवरून, पेल्याकडे वळलेल्या मानेवरून ओळखायचं आहे. आणि वहीत नोंद करताना ‘पाणी नको होतं’ असं लिहायचं नाही. ‘नको म्हणाल्या’ असं लिहायचं. या दोन वाक्यांतलं अंतर म्हणजे कधीकधी एका माणसाचं आरोग्य असतं.

हे अंतर मराठीतही आहे. आपण ते पाळत नाही इतकंच. ‘आईला काही नको असतं.’ ‘बाबांना आता कुठे जायचं नसतं.’ ‘तिला नोकरी करायचीच नाही.’ ‘त्या वस्तीतल्या लोकांना असंच राहायचं असतं.’ ही वाक्यं आपण रोज ऐकतो आणि बोलतो. घरातल्या बायकांबद्दल, म्हाताऱ्यांबद्दल, दुसऱ्या जातीच्या, दुसऱ्या धर्माच्या शेजाऱ्यांबद्दल. व्याकरणाच्या दृष्टीनं त्यांत एकही चूक नाही. मराठी आपल्याला अडवत नाही. ‘मला’च्या जागी ‘त्यांना’ घातलं की झालं, वाक्य तयार. जपानी शिक्षिका अशा वाक्याखाली लाल रेघ ओढील आणि विचारील, तुम्हाला हे कसं कळलं? त्या म्हणाल्या का? तुम्हाला तसं दिसलं का? की तुमचा अंदाज आहे?

आपल्या भाषेत या तिन्हींसाठी शब्द आहेत. ‘म्हणे’ आहे, ‘दिसतं’ आहे, ‘असावं’ आहे. गावाकडची वृद्ध माणसं ते अजून चोख वापरतात; ‘तिला माहेरी जायचं दिसतंय’ असं म्हणतात, ‘जायचं आहे’ म्हणत नाहीत. सक्ती नसताना पाळलेला नियम तर अधिकच मोलाचा. तेव्हा जपानी शिका अथवा नका शिकू, पुढच्या वेळी घरातल्या कुणाबद्दल ‘तिला काही नको असतं’ असं वाक्य ओठांवर आलं, तर क्षणभर थांबून तिलाच विचारा. आणि विचारताना ‘हवं का?’ असं विचारू नका. सरळ पुढ्यात ठेवा, आणि ती घेते का ते पाहा.